शनिवारचे चार अंश

"इंदूताई, फ्रीज गप हाय."

हौसाक्का दारातूनच म्हणाली. सोमवारचे सकाळचे आठ वाजले होते आणि मी अजून चपला काढत होते. आमच्या हिवरवाडीच्या जनावरांच्या दवाखान्यातला तो फ्रीज म्हणजे जुनं धूड. त्याची घरघर कानात इतकी मुरलेली, की थांबली तरच ऐकू यायची. मी जवळ गेले. फ्रीजच्या दारावर बाहेरच्या बाजूला काट्याचं थर्मामीटर बसवलेलं होतं, आतून आलेल्या तारेवर चालणारं. काटा असायला हवा होता चारवर. होता तेवीसवर.

भिंतीवरचं बटण बंद होतं.

आत शेळ्यामेंढ्यांच्या लशीचे बाराशे डोस होते. मंगळवारी धनगरवाड्यावर शिबिर ठरलेलं होतं.

हौसाक्का बटण लावायला पुढं सरकली, तेवढ्यात डॉक्टर लिगाडे आले. त्यांनी काटा पाहिला, बटण पाहिलं, आणि डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली. "कुणी काही हलवू नका. बटणसुद्धा लावू नका. मी जिल्ह्याला फोन करतो. साहेब आले की पंचनामा होईल."

"तवर फ्रीज तसाच?" हौसाक्कानं विचारलं.

"तसाच."

सरकारी रीत अशी, की बिघडलेली गोष्ट आधी कागदावर बिघडावी लागते. मगच ती दुरुस्त करता येते. त्या दिवशी मी या रीतीला मनातल्या मनात शिव्या घातल्या. पुढं तिचेच उपकार झाले.

फ्रीजशेजारी भिंतीवर तापमानाचा तक्ता टांगलेला असे. सकाळी आठला एक आकडा, संध्याकाळी पाचला एक, समोर सही. मी तिथं कंत्राटी मदतनीस होते. केसपेपर फाडणं, नोंदवह्या लिहिणं आणि हा तक्ता भरणं ही माझी कामं. डॉक्टरांनी तक्त्यावर बोट ठेवलं.

"शनिवारी संध्याकाळी पाच वाजता चार अंश. सही तुमची."

"हो डॉक्टर. चारच होते. मी स्वतः पाहिलंय."

हे माझं वाक्य लक्षात ठेवा. मी ते अकरा वर्षं विसरलेले नाही.

"म्हणजे शनिवारी पाचनंतर कुणीतरी बटण बंद केलं. रविवारी सुट्टी. कोण आलं होतं?"

"मी," हौसाक्का म्हणाली. "सकाळी धाला. झाडास्नी पानी घातलं, त्या आजारी वासराला वैरण टाकली, आन् गेले."

"मोबाईल लावला होतास चार्जिंगला?"

आदल्या वर्षी तिनं एकदा फ्रीजचं बटण बंद करून त्याच्या जागी मोबाईल लावला होता. पाच मिनिटंच, पण नेमके तेव्हाच डॉक्टर आत आले होते. तिला मेमो मिळाला होता.

"लावला. पर व्हरांड्यातल्या बटनाला," ती म्हणाली. "फ्रीजच्या बटनाला हात न्हाई लावला, डॉक्टर. नातवाची आन."

डॉक्टर वाईट माणूस नव्हते. त्यांनी मान खाली घातली. "हौसाबाई, आणीवर अहवाल लिहिता येत नाही."

अकरा वर्षं हौसाक्का रोजंदारीवर होती. शेणमूत काढत होती, बिथरलेल्या बैलाची वेसण धरत होती. तिला कायम करण्याची फाईल जिल्ह्याला गेली होती आणि मुळीकसाहेबांच्या टेबलावर पडून होती. तेच मुळीकसाहेब आता साडेचारला पंचनाम्याला येणार होते. दुसरा मेमो लागला की फाईल परत येणार, आणि फाईलबरोबर ती घरी जाणार. हे तिघांनाही ठाऊक होतं.

डॉक्टर शिबिर पुढं ढकलायला फोनवर गेले. मी फ्रीजसमोर उभी राहिले. तेवीस. भिंतीवर खोलीचं दुसरं थर्मामीटर होतं. तिथं तीस. दोन्हींत सात अंशांचं अंतर.

आणि तेव्हा मला चहा आठवला.

आता थोडं माझ्याविषयी सांगायला हवं, नाहीतर हे सगळं वेड्यासारखं वाटेल. दहावीला मला गणितात छत्तीस मिळाले होते, आणि तेही तपासणाऱ्याच्या दयेनं, असं आमच्या घरात मानलं जाई. पुढं शिकले नाही. एकोणचाळिसाव्या वर्षी रद्दीच्या दुकानात मी बारावी सायन्सचं गणिताचं पुस्तक वजनावर घेतलं, घेतलं ते खरं म्हणजे केसपेपर बांधायला जाड पुठ्ठा हवा म्हणून. पुठ्ठा फाडायच्या आधी सहज उघडलं. समासात कुठल्याशा मुलीनं पेन्सिलीनं बारीक अक्षरात स्वतःलाच सूचना लिहून ठेवल्या होत्या. "इथं घाई करू नकोस." "हे दोनदा वाच, मग येतं." आणि एका जागी खालून दोन रेघा मारून, "सी लगेच लिही गं!"

मला आजवर कुणी गणितात "गं" म्हटलं नव्हतं. मी पुठ्ठा फाडला नाही.

दोन वर्षं मी त्या मुलीकडून शिकले. तिचं नावही मला माहीत नाही. काही पानांना महिना महिना लागायचा. शेवटून दुसरा धडा डिफरन्शियल इक्वेशनचा, मराठीत अवकल समीकरण म्हणतात. तिथं निवणाऱ्या चहाचं उदाहरण होतं. चहा खोलीपेक्षा जितका जास्त गरम, तितका तो भराभर निवतो. खोलीच्या जवळ आला, की रेंगाळतो. बस, एवढंच. चहा किती गरम आहे हे ते समीकरण सांगतच नाही. तो बदलतो कसा, एवढंच सांगतं. पण तो कसा बदलतो ते कळलं, आणि त्याला कुठल्याही एका क्षणी नीट पाहिलं, तर त्याचा पुढचा सगळा प्रवास सांगता येतो. आणि मागचाही.

त्या एका क्षणाच्या पाहण्यासाठी सी असतो, उत्तराला जोडायचा एक ठरावीक आकडा. समीकरण सोडवलं की उत्तर एक येत नाही, हजारो येतात, हजारो चहा निरनिराळ्या वाटांनी निवत असतात. त्यांतला आपला कुठला, हे सी ठरवतो. तो लिहायचा विसरलात, तर कुणाचाही चहा तुमच्या कपात येतो.

मी घरी स्टीलच्या पेल्यावर हे करून पाहिलं होतं. जमलं होतं. चार दिवस मी कुणाशी नीट बोलले नव्हते, इतकं आत काहीतरी हललं होतं.

आता फ्रीज म्हणजे उलटा चहा. थंड होता, तापत चाललाय. रीत तीच. फक्त तो किती वेगानं तापतो ते मला हवं होतं, आणि त्यासाठी काही तासांनी पुन्हा एकदा काटा बघायला हवा होता. बटण लावायचं नाही, दार उघडायचं नाही, असा डॉक्टरांचा हुकूमच होता. फ्रीज माझ्यासाठी मुद्दाम ठेवल्यासारखा तापत राहिला.

दुपारभर मी नोंदवहीच्या मागच्या पानावर लिहीत होते. हौसाक्का उंबऱ्यावर बसून होती. भाकरी सोडलीच नव्हती तिनं.

"काय लिव्हताय सारखं?"

"फ्रीज कधी बंद पडला ते काढतेय."

"कुनाला इचारून?"

"फ्रीजलाच."

तिनं माझ्याकडं बघितलं. "मला घरी बसवत्यात, आन् डोकं तुमचं फिरलं व्हय?"

"चारपर्यंत थांब, अक्का."

चार वाजता काटा साडेचोवीसवर होता. खोलीत तीस. अंतर सातावरून साडेपाचवर आलं होतं, आठ तासांत. मी लॉगटेबल उघडलं. तेही रद्दीतलंच, पहिली आठ पानं गेलेलं, पण मला हवी ती होती. डॉक्टर मागं येऊन उभे राहिले.

"हे काय आहे?"

मी सांगितलं. आधी अडखळत, मग भराभर. ते बारावी सायन्सचे, त्यामुळं वैतागले नाहीत. खुर्ची ओढून बसले. "खोलीचं तापमान तीसच कशावरून? रात्री उतरत असेल."

"रात्री अठ्ठावीसपर्यंत उतरत असेल, दुपारी बत्तीसपर्यंत चढतं. मधलं धरलंय. तासाभराचा फरक पडेल, डॉक्टर. दिवसाचा नाही पडणार."

"बरं. पुढं."

"समजा हौसाक्कानं रविवारी दहाला बटण बंद केलं. तेव्हा आत चार. तिथपासून आज सकाळी आठपर्यंत बावीस तास." मी आकडे मांडले. "तर आज सकाळी काटा साडेसोळावर असता. आपण बघितला तेव्हा तेवीस होता. इतकं तापायला बावीस तास पुरतच नाहीत."

डॉक्टरांनी वही ओढून घेतली आणि स्वतः करून पाहिलं. साडेसोळा. त्यांच्या भुवया वर गेल्या.

"अक्का, रविवारी तू काही केलं नाहीस!" मी ओरडले.

"त्ये मी सकाळधरनं सांगतीया," हौसाक्का म्हणाली.

पण डॉक्टर हसले नाहीत. "मग शनिवारी. पाचच्या तुमच्या नोंदीनंतर. सहाला कुलूप कोण लावतं?"

कुलूप हौसाक्का लावत असे. मी दवाखाना सोडताना ती एकटीच मागं उरायची. माझ्या गणितानं तिला रविवारातून काढून शनिवारात नेऊन बसवलं होतं.

"नेमकी वेळ काढा की," डॉक्टर उठत म्हणाले. "मागं जाता येतं म्हणता ना? जीप येईलच आता."

मी मागं निघाले. सी लगेच लिहिला. चार अंशांवर अंतर सव्वीस, आज सकाळी सात. सव्वीसाचं सात व्हायला किती तास? लॉगटेबलात बोट ठेवून, वजाबाकी, भागाकार. साडेत्रेचाळीस.

बोटांवर मोजलं. रविवारी सकाळी आठ, हे चोवीस. शनिवारी रात्री आठ, छत्तीस. अजून साडेसात.

शनिवारी दुपारी साडेबारा.

चूक झाली असं वाटून पुन्हा केलं. साडेबारा. तिसऱ्यांदा, वेगळ्या कागदावर, वरची आकडेमोड झाकून. साडेबारा. हे कसं शक्य होतं? पाचला चार होते. मी स्वतः पाहिलं होतं.

मग मी ते केलं, जे करायला नको असं आतून कुणीतरी सांगत होतं. साडेबाराला बटण बंद झालं असेल, तर पाचला काटा कुठं असता, ते काढलं. सात अंशांच्या थोडा पुढं. समोर तक्त्यावर माझ्या वळणदार अक्षरात चार.

मी तक्त्याकडं पाहिलं. त्या ओळीकडं नाही, सगळ्या महिन्याकडं. चार, चार, चार, चार, पाच, चार, चार. किती दिवस मी काट्याकडं न बघता लिहीत होते, मला आजही सांगता येणार नाही. फ्रीज नेहमी चारवरच असायचा, म्हणून चार लिहायचे, आणि चार लिहिलं की पाहिल्यासारखं वाटायचं.

दर शनिवारी साडेबाराला फ्रीजमधला साचलेला बर्फ काढायचा, ही आमच्या दवाखान्याची रीत होती. लस थंडपेटीत काढून ठेवायची, बटण बंद करायचं, दार उघडं ठेवायचं, बर्फ सुटला की पुसून सगळं परत आत, आणि बटण चालू. हे काम माझं. तो शनिवार मला आठवेना, कारण सगळे शनिवार एकमेकांत मिसळून गेले होते. मग एकदम शेळी आठवली.

एक म्हातारा अडलेली शेळी खांद्यावर घालून आला होता. मी नुकतीच लस परत आत ठेवून फ्रीजचं दार लावलं होतं. हौसाक्का बाहेरून ओरडली, "इंदूताई, पाय धरा!" मी धावले. एक करडू आलं, मग दुसरं. दोन्ही जिवंत. दोन्ही हात कोपरापर्यंत चिकट झाले होते. आत येताना मी बटणाकडं बघितलं होतं आणि मनात म्हटलं होतं, ओल्या हातानं नको, हात धुऊन लावू.

हात धुतले. टॉवेलनं पुसले. बाहेर जाऊन करडं बघत बसले. शनिवारच्या दुपारी फ्रीज गपच असायचा, म्हणून कानालाही काही खटकलं नाही.

हे मी विसरून गेले होते. माझ्या मनात त्याचा मागमूस नव्हता. आणि लॉगटेबलाच्या फाटक्या पानांतून एका आकड्यानं तो शनिवार माझ्यासमोर आणून उभा केला होता, ओल्या हातांसकट. माझ्या अंगावर काटा आला. भीती होतीच, पण त्याहून मोठं काहीतरी होतं. मी न बघितलेली गोष्ट कुठंही हरवली नव्हती. फ्रीज तासातासानं ती जपत आला होता.

बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला. हौसाक्का चहा टाकायला उठली. साहेबांसाठी ती नेहमीसारखी कपबशी पुसत होती, पुसलेलीच पुन्हा पुन्हा.

कागद माझ्या हातात होता. चार घड्या घातल्या असत्या तर मुठीत मावला असता.

मुळीकसाहेब आत आले, घाम पुसत. डॉक्टरांनी सगळं सांगितलं. साहेबांनी तक्ता पाहिला. "म्हणजे पाचला ठीक होता. मग ही बाईच..."

"साहेब," मी म्हणाले, "फ्रीज शनिवारी साडेबाराला बंद झाला. मी बंद केला, बर्फ काढायला. परत लावायचा विसरले."

हौसाक्का कपबशी घेऊन दारात थबकली.

"पाचला चार अंश होते ना? ही सही तुमचीच ना?"

"सही खरी आहे साहेब. चार खोटे आहेत. मी काट्याकडं न बघता लिहिले."

मी कागद पुढं केला. साहेबांनी वरपासून खालपर्यंत नजर फिरवली आणि परत दिला. "हे लॉगबिग मला सांगू नका. मला एवढं कळतं, की तुम्ही दोघी रोज एका डब्यातलं जेवता. मैत्रिणीची नोकरी वाचवायला हिनं स्वतःवर घेतलं, असं उद्या कुणी म्हणालं तर?"

याचा मी विचारच केला नव्हता. आयुष्यात एकदा खरं बोलले, तर तेच खोटं ठरत होतं.

"करून बघता येईल," डॉक्टर हळूच म्हणाले. "फ्रीज तोच, खोली तीच. खराब झालेली लस आपण सील करून आतच ठेवणार आहोत. येत्या शनिवारी साडेबाराला तसंच बंद करू. यांनी आकडे आधीच लिहून द्यावेत."

साहेबांना यात मजा वाटली असावी. त्यांनी पाकीट मागवलं. मी दोन ओळी लिहिल्या: शनिवारी पाच वाजता किती, सोमवारी आठ वाजता किती. त्यांनी पाकीट चिकटवून आडवी सही ठोकली.

"शनिवारी मी येतो. तोवर फ्रीज चालू ठेवा, अहवाल मी थांबवतो. आणि जुळलं नाही, तर दोघींचंही बघू."

जीप गेली. हौसाक्कानं न प्यायलेला चहा तुळशीत ओतला. माझ्याशी ती बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बुधवारी भाकरी सोडताना म्हणाली, "मी धा येळा सांगितलं बटनाला हात लावला न्हाई. तवा तुमी काय म्हनला? 'मी सोता पायलंय.'"

"हो."

"पायलंवतं व्हय?"

"नाही."

तिनं भाकरीचा तुकडा मोडला, पण डबा माझ्याकडं सरकवला नाही.

शनिवारी साडेबाराला मी बटण बंद केलं. दार उघडलं, बर्फ सोडवला, पुसलं, सगळं परत आत ठेवलं, दार लावलं. या वेळी शेळी आली नाही. मी भिंतीकडं तोंड करून बसले, काट्याकडं बघायचं नाही म्हणून. मन म्हणत होतं, चहा वेगळा, पेला वेगळा, हा केवढा फ्रीज, आणि तू कोण? छत्तीस मार्कांची बाई. समीकरणावर माझा विश्वास होता. माझ्यावर नव्हता.

पाचला पाच मिनिटं असताना साहेब आले. चौघं फ्रीजसमोर उभे राहिलो. फ्रीज गप्प होता.

"तुम्ही नाही," साहेब मला म्हणाले. "मीही नाही, डॉक्टरही नाहीत. हौसाबाई, तुम्हाला आकडे वाचता येतात?"

"जनावरांच्या कानातलं बिल्लं कोन वाचतंय मग?" हौसाक्का म्हणाली.

ती पुढं झाली. पदरानं काच पुसली. वाकून बघितलं, मग सरळ होऊन पुन्हा वाकली. मी तिच्या पाठीकडं बघत होते.

"सात," ती म्हणाली. "सातच्या जरा फुडं."

साहेबांनी पाकीट फाडलं. चिठ्ठी उलगडली, वाचली, डॉक्टरांकडं दिली. डॉक्टरांनी वाचली आणि मोठ्यानं म्हटलं, "सात पूर्णांक तीन."

बाहेर कुणाचीतरी म्हैस ओरडली. मी पहिल्यांदाच काट्याकडं पाहिलं. तो तिथं होता, जिथं गेल्या शनिवारीही असणार, मी पाठ फिरवून चार लिहीत होते तेव्हा. पेन्सिलवाल्या त्या मुलीला हे दाखवायला हवं होतं, असं मला फार वाटलं.

"सोमवारचं बघायची गरज नाही," साहेब अखेर म्हणाले. त्यांनी अहवाल काढला, हौसाबाईंचं नाव खोडलं, आणि माझ्याकडं न बघता माझं लिहिलं. माझं कंत्राट त्या मार्चमध्ये संपलं, ते पुन्हा वाढलं नाही. त्यात काही अन्याय होता असं मला वाटत नाही.

ते दोघं बाहेर गेले. तक्त्यावर त्या दिवसाचा पाचचा रकाना रिकामा होता. मी दोरीला बांधलेलं पेन उचललं, आणि सवयीनं हात खाली कागदाकडं गेला.

हौसाक्कानं माझं मनगट धरलं. दुसऱ्या हातानं माझी हनुवटी वर केली, करडाचं तोंड आईच्या सडाकडं वळवावं तशी, काट्याकडं.

"इंदू," ती म्हणाली, "आता बगून लिव."